मीठ काढून मीठ घालणारा माणूस

"मालक, आधी पाण्यातलं मीठ काढायचं, मग त्याच पाण्यात विकतचं मीठ कालवायचं. याला छंद म्हणायचं का आणखी काही?"

सोलापुरात कुणीही कुणालाही मालक म्हणतं. त्यात मान किती आणि टोमणा किती, हे आवाजावरून ओळखायचं असतं. हा टोमणा होता. विचारणारे माझे जुने स्नेही. उमेद पाणीपुरवठ्याच्या कामात गेली, आता निवृत्त. चहाचा कप हातात घेऊन ते माझ्या हॉलमधल्या २०० लिटरच्या खाऱ्या टाकीसमोर उभे होते. आत मऊ प्रवाळं डुलत होती, दोन क्लाउनफिश नेहमीप्रमाणे एकमेकांवर डाफरत होते, आणि शेजारच्या मोरीत आरओची नळी बादलीत ठिबकत होती. बसलेली मंडळी हसली. मग हसण्यातून तीन आरोप निघाले. एक, मीठ काढून मीठ घालणं हा वेडेपणा. दोन, चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हा माणूस पाणी मोरीत सोडतो. तीन, तपासणीत 'पिण्यास योग्य' ठरलेल्या पाण्यावर संशय घेणं ही पैशाची मस्ती.

चहा संपेपर्यंत मला धड उत्तर देता आलं नाही. ज्यानं जन्मभर पाणी हाताळलं त्याच्यापुढं पाण्यावर बोलायचं म्हणजे जीभ जरा अडखळतेच. रात्री कागदावर आकडे मांडले, आणि दिसलं की स्नेह्यांचं चुकतंय. माझ्यासारख्या टाकीवाल्यांचंही चुकतंय, आणि गंमत म्हणजे तेच चुकतंय.

पहिला आरोप सगळ्यांत वजनदार, म्हणून तो आधी त्याच्या पूर्ण वजनानिशी मांडतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे ३५,००० मिलिग्रॅम. नळाच्या पाण्यात समजा ४००. हे जेमतेम एक टक्का झाले. ज्या पाण्यात मी मूठमूठ मीठ ओतणार, त्यातून हा एक टक्का काढायला चार नळकांडी (त्यात क्लोरीन धरणारा कार्बन, आरओचा पडदा आणि शेवटी उरलेले क्षार टिपणारी डीआयची राळ), एक पंप आणि दरमहा खर्च कशाला? शिवाय नळाच्या पाण्यात कॅल्शियम असतं आणि प्रवाळाला तर कॅल्शियमच लागतं. स्नेह्यांनी हेही ऐकवलं.

हिशेब बरोबर आहे, पण तो बेरजेचा हिशेब आहे. खिरीत मिठाचा खडा पडला तर तो खिरीच्या एक टक्काही नसतो. त्या ४०० मिलिग्रॅममधलं सोडियम, क्लोराइड, मॅग्नेशियम यांबद्दल माझी काही तक्रार नाही. ते समुद्रात असतंच आणि त्यात विरून जातं. तक्रार आहे ती बेरजेत न दिसणाऱ्या चार-पाच पाहुण्यांबद्दल: नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट, तांबं, आणि क्लोरीनचा गोतावळा. समुद्रात यांची मात्रा इतकी कमी असते की एक टक्क्याची भाषा तिथं चालतच नाही. प्रवाळबेटं वाढतात ती निर्मळ, जवळजवळ उपाशी पाण्यात. घरगुती टाकीत आम्ही फॉस्फेट लिटरमागे ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅमच्या मध्ये राहावं म्हणून धडपडतो. हा आकडा उजनीच्या शेजारी ठेवून पाहा.

उजनी म्हणजे आपलं यशवंतसागर, सोलापूरच्या नळाचं मूळ. ११७ टीएमसीचं धरण, त्यातला निम्म्याहून जास्त, सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा. म्हणूनच 'उजनी मायनसमध्ये गेली' हे वाक्य इथल्या पोरासोरांनाही कळतं. २०२४च्या उन्हाळ्यात ती उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती. या धरणात नुसता पाऊस येत नाही. पवना, इंद्रायणी, मुळा-मुठा असं करत पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या नळा-मोऱ्यांमधून जे वाहतं ते भीमेवाटे शेवटी इथंच थांबतं. साबणातलं, सांडपाण्यातलं, शेतातल्या खतातलं फॉस्फरस आणि नायट्रोजन पाण्यात उतरतं आणि पाणी हिरवं होतं. भिगवणला रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात ते याच शेवाळी फुगवट्याच्या उथळ कडेला. रोहितांचं ताट आणि प्रवाळाचं विष एकच आहे, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

आता यावर स्नेह्यांचं म्हणणं, की पाणी पाकणीच्या आणि सोरेगावच्या केंद्रांत शुद्ध होऊन येतं. येतं, आणि त्या शुद्धीकरणाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. तुरटी किंवा तिच्या भावकीतलं पीएसी घालून गाळ बसवतात, वाळूतून गाळतात, क्लोरीन देतात. यानं गढूळपणा जातो, जंतू मरतात. विरघळलेलं नायट्रेट जात नाही, सिलिकेटही जवळपास तसंच राहतं, फॉस्फेट तुरटीबरोबर थोडं बसतं आणि थोडं उरतं. जाण्याची गरजही नाही, कारण ते पाणी माणसासाठी आहे. आपल्या भाषेनंच हा घोळ करून ठेवलाय. आपण पाणी 'निवळलं' म्हणतो आणि मनात 'शुद्ध झालं' असं ऐकतो. निवळीच्या बिया उगाळून गाळ खाली बसवायची पद्धत या देशात फार जुनी. पण गाळ बसला म्हणजे विरघळलेलं बसलं असं नाही. तसंच 'गोडं' पाणी आणि बोअरचं 'खारं' पाणी. हे भेद जिभेनं केलेले आहेत. प्रवाळाला जीभ नाही.

तिसरा आरोप इथंच निकालात काढतो, कारण 'पिण्यास योग्य' हा शिक्का म्हणजे नेमकं काय ते पाहिलं की त्यात फार दम राहत नाही. भारतीय मानक आयएस १०५०० ची २०१२ची आवृत्ती घ्या. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम. टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, ५०० पर्यंत उत्तम, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालेल. तांबं ०.०५ पर्यंत उत्तम, नाइलाज असेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत. फॉस्फेटला तर रकानाच नाही, कारण माणसाच्या पोटाला त्याची फिकीर नाही. या तक्त्यात काहीही चूक नाही. तो मूत्रपिंड असलेल्या, दिवसाला दोन-तीन लिटर पिऊन बाकीचं बाहेर टाकणाऱ्या प्राण्यासाठी केलेला आहे.

त्यातलं तांब्याचं प्रकरण जरा रेंगाळून पाहण्यासारखं आहे. आमच्या आजीचा तांब्याचा हंडा होता. रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी प्यायचं. त्यात जंतू मरतात हे ती प्रयोगशाळेशिवाय सांगायची आणि ते खरं होतं. जंतू मारतं म्हणूनच तांबं कोळंबी, शंखगोगलगाय आणि प्रवाळही मारतं. खाऱ्या माशांना अंगावर पांढरे ठिपके येणारा परजीवी रोग झाला तर त्यांना वेगळ्या टाकीत काढून तांब्याचं औषध देतात. मात्रा लिटरमागे साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिग्रॅम. ही मात्रा प्रवाळाच्या टाकीत कधीच चालत नाही. आणि पिण्याच्या पाण्याची सवलतीतली मर्यादा या औषधाच्या सहा ते दहापट आहे! म्हणजे कागदोपत्री निर्दोष, आजीनं कौतुक केलेलं पाणी माझी टाकी एका रात्रीत स्मशान करू शकतं. नळाच्या पाण्यात एवढं तांबं बहुधा नसेलही. 'बहुधा'वर टाकी चालत नाही एवढंच. आणि यात भर म्हणून हल्ली घरगुती आरओ यंत्रात मुद्दाम तांब्याचं काडतूस बसवून मिळतं, आरोग्यासाठी.

घरगुती यंत्राचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो, कारण दुकानात हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "पिण्याच्या फिल्टरचं घाला, चालतंय." चालत नाही. त्या यंत्राला शेवटी एक बारीक स्क्रू असतो. पडद्यातून गाळलेल्या पाण्यात थोडं कच्चं पाणी पुन्हा मिसळायची ती वाट. मेकॅनिक येतो, मीटर बुडवतो आणि प्रेमानं विचारतो, "ऐंशीवर ठेवू का शंभरवर? चव चांगली लागते." चवीसाठी ते ठीक. पण मग नायट्रेटपासून तांब्यापर्यंत सगळी वऱ्हाडी मंडळी मागच्या दारानं मांडवात हजर.

आता स्नेह्यांच्या एक टक्क्याकडं परत येतो, कारण त्यात आणखी एक खड्डा आहे, आणि तो सोलापूरकरानं तरी ओळखायला हवा. टाकी हा समुद्र नाही. टाकी हा कूलर आहे.

मे महिन्यात कूलरमध्ये रोज पाणी ओततो. पाणी उडतं, गारवा देतं. जूनमध्ये पॅड काढलं की गवतावर पांढरा खडबडीत थर. गीझरच्या कॉइलवर तोच. पाणी गेलं, पाण्यातलं राहिलं. टाकीतही तेच चालतं. आपल्या कोरड्या हवेत, वर पंखा लावलेला, २०० लिटरच्या टाकीतून दिवसाला ३ लिटर उडतं असं धरा. तेवढं रोज वरून घालायचं. म्हणजे दर ६७ दिवसांनी मी एक पूर्ण टाकीभर नळाचं पाणी त्याच टाकीत आटवतो. वर्षाला साडेपाच टाक्या. नळाला नायट्रेट २० असेल तर नुसत्या भरपाईनं वर्षाअखेर त्यात ११० ची भर. अधूनमधून पाणी बदललं तर थोडं कमी, पण बदलायचं पाणीही नळाचंच असेल तर किती कमी होणार? एक टक्का रोज एक टक्का राहत नाही. व्याजासारखा साचतो.

कॅल्शियमचा मुद्दा मात्र स्नेह्यांचा खरा आहे. तो मान्य करतो. कठीण पाण्यात कॅल्शियमही असतं आणि क्षारताही, दोन्ही प्रवाळाच्या कामाचं. पण ते मिळवायचा सरळ रस्ता आपल्याच घरात आहे: चुन्याची निवळी. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड शून्य टीडीएसच्या पाण्यात कालवायचं, बसू द्यायचं, वरचं स्वच्छ पाणी थेंबथेंब टाकीत सोडायचं. लिटरला दीड-पावणेदोन ग्रॅमपेक्षा जास्त विरघळतच नाही. पानाच्या डबीतला चुना घेऊ नये, त्यात काय काय असतं कुणास ठाऊक. जगभरचे टाकीवाले याला कॉल्कवासर असं जर्मन नाव लावून मिरवतात. आपल्याकडं सातवी-आठवीतल्या प्रयोगात फुंकर मारून दुधाळ करतात तेच हे पाणी.

टाकीवाले आपापसांत बोलतात तेव्हा आणखी दोन दावे ऐकू येतात. ते माझ्याच बिरादरीचे असल्यानं जास्त टोचतात. पहिला: "आपल्याकडं हौदात पाणी चार दिवस उभं राहतं, क्लोरीन उडून जातं. वरून अँटीक्लोरीनचे चार थेंब टाकायचे." मोकळं क्लोरीन उडतं, कबूल. पण कच्च्या पाण्यात सांडपाण्याचा अमोनिया असेल तर क्लोरीन त्याच्याशी लग्न लावून क्लोरामाइन होतं, आणि ते हौदात चार दिवस काय, आठ दिवसही तळ ठोकतं. अँटीक्लोरीनचे थेंब म्हणजे सोडियम थायोसल्फेट, फोटोवाल्यांचा हायपो. तो क्लोरीनला मारतो आणि अमोनियाला विधवा करून टाकीत सोडतो. मासे त्यानं गुदमरतात.

हे ओळखायची रीत फार सोपी आहे आणि ती मला महागड्या परदेशी किटमधून नाही, गावोगावच्या जलसुरक्षकांकडून कळली. ओटी टेस्ट. नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे. लगेच पिवळं झालं तर मोकळं क्लोरीन. आधी पाण्यासारखं राहून मग हळूहळू पिवळं चढलं तर अमोनियाशी बांधलेलं. तपासलेलं पाणी फेकून द्यायचं, ते औषध विषारी असतं.

दुसरा दावा: "मीटर शून्य दाखवतोय, मग झालं." हीच ती चूक, जिच्याबद्दल सुरुवातीला म्हणालो. स्नेही ४०० कडं बघून म्हणतात किरकोळ आहे. टाकीवाला शून्याकडं बघून म्हणतो काहीच नाही. दोघंही बेरीज वाचतात, यादी वाचत नाहीत. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढंच मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो. ज्यांच्यावर विद्युतभार नाही ते त्याला दिसत नाही. क्लोरामाइन दिसत नाही. सिलिकाही बहुतांशी भार न घेताच फिरते, त्यामुळे तीही जवळजवळ निसटते. आपण काळ्या पाषाणावर, दख्खनच्या बेसाल्टवर राहतो. इथल्या पाण्यात सिलिका हवीच कशाला वेगळी घालायला! डीआयची राळ दमली की सर्वांत आधी सुटते ती सिलिकाच. माझ्या टाकीच्या काचेवर एकदा पंधरा दिवस सिलिकेवर पोसलेल्या तपकिरी शेवाळाचा थर रोज सकाळी नव्यानं यायचा. मी मिठाला दोष दिला, दिव्याला दोष दिला, माशांच्या खाण्याला दिला. मीटर १ दाखवत होता, आणि 'एकच तर आहे' म्हणून मी राळ बदलायचं टाळत होतो. दोष माझा होता, बाकी कुणाचाही नाही.

तेव्हा मीटर फेकून द्यायचा का? मुळीच नाही. तीन ठिकाणी वाचायचा: कच्चं पाणी, पडद्यानंतर, राळेनंतर. ४०० चे १२ झाले तर पडदा ९७ टक्के काम करतोय. १२ चे ४० झाले तर आधी दाब बघायचा. गच्चीवरच्या टाकीपासून खाली आलेल्या पाण्याला मजल्यामागे चार-साडेचार पीएसआयच दाब मिळतो. पडद्याला किमान चाळीस हवा, म्हणून बूस्टर पंप. सोलापुरी उन्हाळ्याचा आणखी एक चिमटा असा, की दुपारी काळ्या टाकीतलं पाणी अंघोळीलाही सोसत नाही, आणि गरम पाण्यात पडद्यातून क्षार जास्त निसटतात. मी यंत्र पहाटे चालवतो. चार दिवस बंद राहिलेल्या यंत्राचं पहिलं दोन मिनिटांचं पाणी राळेकडं जाऊच देत नाही, कारण बंद काळात पडद्याच्या दोन्ही बाजूंचे क्षार समसमान होऊ पाहतात.

आता दुसरा, पाण्याच्या नासाडीचा आरोप. हा मला सगळ्यांत जास्त लागला. रात्री दोनला व्हॉल्व्ह सुटल्याची हाळी ऐकून बादल्या घेऊन धावलेल्या गावात पाणी वाया घालवणं हा साधा आरोप नाही.

आठवड्याला मला ४१ लिटर शुद्ध पाणी लागतं: भरपाईचं २१, बदलायचं २०. एकाला तीन या प्रमाणात १२३ लिटर बाजूला पडतं. स्नेही याला 'वाया' म्हणतात. पण त्यात असतं काय? चार लिटर ४०० च्या पाण्यातले क्षार तीन लिटरमध्ये कोंबले, म्हणजे सुमारे ५३०. बस्स. एक तृतीयांश जास्त खारट. शहरातल्या कित्येक बोअरच्या पाण्यापेक्षा ते गोडं असेल. आमच्याकडं ते फ्लशला जातं, फरशीला जातं, स्कूटर धुवायला जातं. फ्लशची टाकी दहा लिटरची धरली तर १२३ लिटर म्हणजे बारा वेळा. तेवढं हौदातलं वाचलं. निव्वळ खर्च ४१ लिटर. उघड्या नळाखाली दाढी करणारा माणूस एवढं आठवड्याला सहज सोडतो.

स्नेह्यांनी हरित लवादाचा हवाला दिला होता. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादानं केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं, की जिथं टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तिथं पिण्याच्या पाण्यासाठी आरओला मनाई करा, आणि बाकी ठिकाणी निदान ६० टक्के पाणी हाती लागेल अशी यंत्रं लावा. मी या निर्देशाच्या बाजूनं आहे. आमच्या घरी पिण्याला आरओ नाही. नळाचं पाणी गाळून, उकळून पितो. बैठकीत हसलेल्यांपैकी किमान चौघांच्या ओट्यावर मात्र आरओ आहे, आणि त्याची मागची नळी थेट सिंकमध्ये सोडलेली मी पाहिली आहे. गोड्या पाण्यातून चवीसाठी क्षार काढणारे मला मीठ काढण्यावरून हसतात!

राहता राहिला 'चैन' हा शब्द. आहेच चैन. १९५१ साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उभं राहिलं ते मरीन ड्राइव्हवर, समुद्र अगदी दारात. सोलापुरात समुद्र बादलीत बनवावा लागतो. एक गोष्ट मात्र या चैनीतही मी पाळतो: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळी कठीण प्रवाळं आहेत. मालवणचा असो की कच्छच्या आखातातला, 'एक तुकडा देतो' म्हणणारा भेटला तर हात जोडायचे. अंगठीतल्या पोवळ्यापलीकडं प्रवाळ न पाहिलेल्या माझ्या शेजाऱ्यांना हा कायदा मीच सांगितला.

हे सगळं लिहून झाल्यावर मी स्नेह्यांना वाचायला दिलं. त्यांनी शांतपणे वाचलं. ५३० चा हिशेब दोनदा करून पाहिला आणि मान डोलावली. नायट्रेटच्या बेरजेवर "मान्य" एवढंच म्हणाले. मग खिशातून ओटीची छोटी बाटली काढली. जुनी सवय, अजून सुटलेली नाही. "मालक, कार्बननंतरचं पाणी द्या, पडद्याच्या आधीचं." मी नळी सोडवून दिली. थेंब पडले. पाणी पाण्यासारखंच राहिलं. मी विजयानं मीटरकडं बोट दाखवलं. शेवटच्या नळीला तो शून्य दाखवत होता. ते काही बोलले नाहीत. चहा मागवला. पाच मिनिटांनी नळी उजेडाकडं धरली तेव्हा तळापासून वरपर्यंत फिकट, लिंबाच्या सालीसारखा पिवळा रंग चढलेला होता.

"कार्बन कधी बदललाय?" त्यांनी विचारलं.

मी तारीख आठवायला लागलो.